मुकी विनंती

प्रिय मार्लिसताई,

सप्रेम नमस्कार. प्रभूच्या कृपेने मी अगदी ठणठणीत आहे. हे वाक्य कृपा करून दोनदा वाच आणि मग आपल्या चर्चच्या प्रार्थना-साखळीतल्या प्रत्येक बाईला फोन करून वाचून दाखव. माझं यकृत शाबूत आहे, दोन्ही पाय जागच्या जागी आहेत आणि मी कुणालाही घेऊन पळून गेलेलो नाही. तुझा गुडघा कसा आहे? आयोवातला बर्फ वितळला का? डॉर्विन भावोजींना सांग, छपरावर चढायचं वय गेलं म्हणावं.

गेल्या तीन पत्रांत तू एकच प्रश्न विचारला आहेस: तिकडच्या टेसेलार सरांच्या शाळेतली चौथीच्या शिक्षकाची जागा मी घेणार की नाही? उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. इथल्या शाळेचा पुढच्या वर्षाचा करारही महिनाभर माझ्या खणात बिनसहीचा पडला आहे. होंडुरासमध्ये सात वर्षं झाली. आता परत यावं की इथेच राहावं, हे काही केल्या ठरेना, म्हणून सोमवारी मी एक मूर्खपणा केला.

तुला माहीतच आहे, माझ्या वर्गाचा दिवस प्रार्थनेच्या विनंत्यांनी सुरू होतो. तेवीस पोरं, आणि एकाच्याही तोंडात तीळ भिजत नाही. या गावाबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं पोलिसांनाही नसेल. मागच्या महिन्यात ओसमान उठून म्हणाला, "माझ्या बाबांसाठी प्रार्थना करा, त्यांनी आईचा टीव्ही फोडला आणि मांजराचं नाव सांगितलं." त्याची आई त्याचा विसरलेला डबा घेऊन दारातच उभी होती. (मांजर निर्दोष सुटलं. बापाचं काय झालं ते विचारू नकोस.) अशा वर्गासमोर मला आपल्याकडची मुकी विनंती आठवली! आपल्याकडे कसं, माणूस हात वर करतो, 'मुकी विनंती' एवढंच म्हणतो, सगळे माना खाली घालतात आणि नंतर कॉफी पिऊन घरी जातात. आजोबांनी अकरा वर्षं दर रविवारी हात वर केला. आपण किती शहाणे, किती सभ्य! तर मीही हात वर केला आणि म्हणालो, मिस्टरचीही (पोरं मला मिस्टरच म्हणतात) एक विनंती आहे, पण ती मिस्टर सांगणार नाहीत.

पहिल्या बाकावरची नोएलिया उभी राहिली. "काय पाहिजे तेच माहीत नाही, तर आम्ही मागायचं काय?" मी म्हणालो, देवाला सगळं ठाऊक असतं. "मग माझ्या आजीच्या दाताचं त्याला ठाऊक नव्हतं? ते तर तुम्ही मला तीनदा सांगायला लावलंत." धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या तुझ्या भावाने हजेरीपट उघडला. तेवढ्यात ओसमानने खडू उचलून, माझी विनंती कशाची असेल यावर मतदान घेतलं. प्रेम अकरा, आजार नऊ, पोलीस मागे लागलेत दोन, जंत एक.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाळेच्या खानावळीतली स्वयंपाकीण दोन्या त्रान्सितो हिने माझ्या बालेआदा, म्हणजे घेवडा भरलेल्या पोळ्या, बंद करून गावठी कोंबडीचं सूप सुरू केलं आणि मी ते संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "लपवू नका मिस्टर, तुमचा रंगच सांगतोय." (माझा रंग सात वर्षं हाच आहे.) नोएलियाची आई आपल्या दुनिया नावाच्या चुलतबहिणीला घेऊन आली. ही बाई दातांची डॉक्टर. तिने माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, पण सारखी माझ्या तोंडात बघत होती. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, बाजारात फळवालीनेही विचारलं. बुधवारी तर मुख्याध्यापक आबेलिनोंनी भर प्रार्थनासभेत मला पुढे बोलावलं. नेमकं काय झालंय ते माहीत नसल्यामुळे काहीच राहून जायला नको, म्हणून प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी प्रार्थना झाली: यकृत, फुप्फुस, लग्न, कर्ज, भूतबाधा. तीनशे पोरांचे हात माझ्या अंगावर, आणि मधल्या सुट्टीत मीठ लावलेले आंबे खाऊन कुणीही हात धुतले नव्हते. चाळीस मिनिटं! शर्ट अजून भिजत घातलाय. तेवढ्यात शाळेच्या कचेरीतल्या बाईंनी तिकडे आपल्या आयोवाच्या चर्चला काळजीचा संदेश धाडला, तुमच्या साखळीने तो हातोहात फिरवला आणि आज सकाळी कोरी मावशीने फोन करून विचारलं, कृत्रिम पाय तिकडे मिळतो का.

शेवटी आज वर्गात मी हात टेकले. सांगून टाकलं की घरी परत जावं की नाही, एवढंच मला कळत नाहीये. नोएलिया म्हणाली, "एवढंच? मग सोमवारीच सांगायचं ना!" आणि लगेच डोळे मिटून तिने सुरू केलं, "प्रभू, मिस्टरला जायचंय की नाही ते त्यांनाच माहीत नाही. तू जाऊ देऊ नकोस. आणि जाऊ दिलंसच, तर माझा जप्त केलेला भोवरा आधी परत द्यायला लाव."

मी संतापलेलो आहे, ताई. इथे माणसाला स्वतःचं असं काहीही ठेवता येत नाही. पण आजोबांना अकरा वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही. त्यांना काय हवं होतं ते आजही कुणाला माहीत नाही, आणि याची मला लाज वाटते. मला इथे तीन दिवसांत निम्म्या गावाने विचारलं. मी इथेच राहतो. टेसेलार सरांना माझा नकार कळव.

तुझा,
हार्लन

ता. क. आईच्या बदामाच्या पेस्ट्रीची कृती पाठव. रविवारी दुनियाच्या आईकडे जेवायला जायचंय. हे साखळीत जाता कामा नये.

ता. क. २. भोवरा परत दिला.

ता. क. ३. टेसेलार सरांना इतक्यात काही कळवू नकोस. करारावर सही केलेली नाही, कागद पुन्हा खणात ठेवलाय. आत्ता कोरी मावशीचा पुन्हा फोन आला, आणि पायाची चौकशी झाल्यावर ती सहज बोलून गेली, की गेले तीन रविवार तू चर्चमध्ये हात वर करतेस, आणि अर्थातच कुणी काही विचारलेलं नाही. ताई, काय झालंय? मी विचारतोय. फोन कर.