सुतारताईचे जहाज कोणाकडे जावे

धक्क्यावर जिला सगळे सुतारताई म्हणतात ती मी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा जहाजांच्या आतले लाकूडकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि अगदी मजेत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी कोणाची छातीही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवावा.

आधी धंदा सांगते, म्हणजे वाटणी समजेल. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारी, कोणी पाण्यात पडले तर वर काढणारी दणकट जहाजे जुनी झाली की विकली जातात. ती घेऊन आम्ही हौशी लोकांसाठी सफरीच्या नौका करतो, थेट बर्फाच्या समुद्रात जाऊन सुखरूप परतणाऱ्या. लाकूडकाम माझे, वेल्डिंग भावाचे, आराखडे त्याच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे. बुडणाऱ्यांसाठी बांधलेल्या जहाजावर लोक सुट्टी घालवतात, याचे मला अजून हसू येते.

कलम १. कारखाना, क्रेन आणि गिऱ्हाइकांच्या कटकटी भाचीला.

कलम २. कारखान्यावरच्या माझ्या दोन खोल्या भावजयीला. तिला शिवायला उजेड लागतो आणि तिच्या घरातल्या सगळ्या खिडक्या भावाने लोखंडाच्या तुकड्यांनी भरल्या आहेत. या खोल्यांत त्याला लोखंड आणायची मनाई आहे.

कलम ३. रंधे, पटाश्या, करवती माझ्या हाताखालच्या सुताराला. पटाशीने रंगाचा डबा उघडलास तर याद राख. बँकेतली शिल्लक कामगारांनी सारखी वाटून घ्यावी.

कलम ४. भावाशी जुना वाद. पहिल्याच जहाजावर त्याने वरचे जड लोखंड काढून हलके ॲल्युमिनियम बसवले आणि कॉलर ताठ करून फिरला. ही जहाजे डेकवर जड माल घेऊन चालायला बांधलेली असतात. माल नाही, वर वजनही नाही, मग जहाज जरा कलले की झटक्यात सरळ व्हायचे. चाचणीच्या दिवशी मालकाची बायको सूपसकट कप्तानाच्या मांडीत जाऊन पडली. मी सगळ्यात वर जाड संगमरवराची आंघोळीची खोली करायला लावली, तेव्हा कुठे जहाज शहाण्यासारखे डुलू लागले. भावाने त्या खोलीत कधी पाऊल टाकले नाही. हा वाद मिटला असे जाहीर करते. जिंकले मीच.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. कारखान्यात अर्धवट उभे असलेले बचाव-जहाज माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याच्या गिऱ्हाइकाला सोन्याचे नळ हवे होते. मी नाही म्हटल्यावर तो रुसून गेला. तेव्हापासून भाऊ जेवायच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणतो, "ताई, तू गेलीस ना, की दुसऱ्या दिवशी कापून भंगारात घालतो बघ. नुसतं जागा अडवून बसलंय." भाची रडकुंडीला येते. वाचवलेल्यांना बसवायच्या लांबलचक खोलीचे तिने जेवणघर केले आहे, जुनी बाकडी तशीच ठेवून. आमच्या कारखान्यात इतके सुंदर काम कोणी केलेले नाही. "आत्या, काहीही कर, पण जहाज बाबांना देऊ नकोस," असे तिने मला बजावले आहे. ते जहाज समुद्रात जावे, एवढीच माझी इच्छा उरली आहे.

मागच्या आठवड्यात मी जहाजावर इंजिनियरच्या खोलीत माप घ्यायला गेले. भिंतीला एक नवी खुंटी वेल्ड केलेली दिसली, आराखड्यात नसलेली, माझ्या छातीइतक्या उंचीवर. एवढ्या खाली कोट टांगणारा बुटका आमच्याकडे एकच आहे. खुंटीला लटकणारा कोटही भावाचाच होता. शेजारी बिछान्याची फळी कापून ठेवलेली, तीही त्याच्याच मापाची. मी तिथेच बसून पोटभर हसले आणि थोडी रडलेही.

सबब, हे जहाज मी भावाला देते. अट काही नाही. कापावे, विकावे, त्याची मर्जी.

सहीआधी जे घडले तेही नोंदवते. "साक्षीदार मीच होणार," म्हणून भाऊ हटून बसला. वकीलबाईंनी त्याच्या हातातले पेन काढून घेतले. "काका, ज्यांना यातून काही मिळतं त्यांना साक्षीदार होता येत नाही."

"मला? मला काय दिलंय हिनं?"

"जहाज," मी म्हणाले.

भाची ताडकन उठली. मी तिचा हात धरून ठेवला. भाऊ नाक पुसत म्हणाला, "इंजिनाचं काम बरंच राहिलंय गं. तुझं लाकूडकाम पण. ते पाण्यात उतरेपर्यंत मरायचं नाही, सांगून ठेवतो."

त्याची ही अट मला मान्य आहे.

सही: सुतारताई
साक्षीदार: १. शेजारच्या धक्क्यावरचा क्रेनचालक २. समोरची दोरखंडवाली (दोघांना यातून काहीही मिळत नाही, चहा सोडून)
ठिकाण: कारखान्याची कचेरी
तारीख: चौदा मार्च