स्टिकरखालची तारीख

शुक्रवार, संध्याकाळ

नखात अजून गोंद आहे. साबणानंही जात नाही.

गुलाबांवर मारायचं औषध घ्यायला आळेफाट्याला उतरले. दुकान माझ्याच विद्यार्थ्याचं, व्यवसाय-नीतीत वर्गात पहिला आलेला. बाटलीवरचा स्टिकर सहज नखानं खरवडला, तर खाली मुदतीची खरी तारीख, केव्हाच उलटून गेलेली.

तो जराही गडबडला नाही. हसून म्हणाला, "मॅडम, आदी कुणी पकडलं का ततपप व्हायचं. तुमच्या तासाला बसल्यापासून न्हाई व्हत. 'ग्राहकाचा विश्वास हेच आमचं भांडवल' म्हटलं का शेतकरी गप बसतो."

वाक्य ओळखीचं वाटलं. घरी येऊन चाचणीचे जुने पेपर उपसले. सापडलं, त्याच्याच अक्षरात. आणि समासात, लाल शाईनं, माझ्या अक्षरात: सुंदर!