टिपणीसांनी विचारलेली विहीर

अहो,

भाकरी टोपलीत आहे, कालवण स्टोव्हवर. मी घरमालकीण गोजरबाईंना घेऊन नगरला फौजदारांकडे जातेय. घाबरू नका, आधी वाचा.

येत्या रविवारी आपल्या घरी तुमच्या जुन्या खटल्यांच्या संमेलनात बोलणार आहेत ते पुण्याचे म्हातारे टिपणीस आज दुपारीच आले. "भिंगारला आयुष्यात पहिल्यांदा येतोय. म्हटलं, जागा पाहून घ्यावी," म्हणाले. मी खुर्च्या कुठे मांडणार ते दाखवलं, चहा दिला. मागच्या दारात उभं राहून पिताना त्यांनी सहज विचारलं, "इथली विहीर कधी बुजवली?"

तिथे आता नुसतं कोंबड्यांचं खुराडं आहे. विहीर होती हे आपल्यालाही गोजरबाईंकडूनच कळलेलं. मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मिस्टरांच्या पत्रात होतं," म्हणाले, आणि अर्धा चहा टाकून निघाले. तुमच्या पत्रांच्या नकला मी दोनदा वाचल्या. विहिरीचा त्यात शब्द नाही.

गोजरबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "एक्केचाळीस साली कंपाउंडरची बायकू ह्याच घरातनं नाहीशी झाली, त्याच आठवड्यात हीर बुजवली. मग कंपाउंडर बी गाव सोडून गेला."

तुमच्या या नादाला मी आजवर हसले, ते चुकलंच माझं. आता टिपणीसांना काही कळवू नका, संमेलनही रद्द करू नका. रविवारी त्यांना येऊ द्या. पहिल्या रांगेत गोजरबाई बसणार आहेत. माणूस म्हातारा झाला तरी त्याची चाल बदलत न्हाई, असं त्या म्हणतात.

– रेबेका