चोवीस इंचांचं सिंक

४ मार्च
मागच्या धुण्याच्या खोलीचं काम आजपासून माझ्याकडे. आमच्या सौभाग्यवतीचा, विनीचा, गुडघा धरलाय. टॉफीला वरच्या टबात आंघोळ घालताना तिला ओणवं होता येत नाही. शब्द दिला : ईस्टरच्या आत कमरेच्या उंचीवर सिंक. ती म्हणाली, सिरिल, छोटंसंच घे हं, कुत्र्यापुरतं. मी मान डोलावली.
मनात मात्र आईचं ते खोल, पांढरं, चिनीमातीचं सिंक. ती कपडे खंगाळायची आणि मी शेजारी स्टुलावर उभा राहून शाळेतली नदीची कविता म्हणायचो. चुकलो की ओल्या हाताची टपली. तसंच हवं.

६ मार्च, चहापूर्वी
माप घेतलं, वडिलांच्या घडीच्या लाकडी पट्टीने. रुंदी चार फूट दोन इंच. वॉशिंग मशीन वजा जाता उरले सव्वीस इंच. प्रशस्त! विनी म्हणते, खोली कसली, दार असलेलं कपाट आहे ते. तिला गणित कधीच आवडलं नाही.

९ मार्च
टॉफीला फिरवलं. आमच्या गल्लीत फुलांची हौस दांडगी. दर दोन घरांआड अंगणात एक जुनं सिंक, त्यात लॅव्हेंडर नाहीतर जिरॅनियम. शेजारच्या हेबलथ्वेटचं तर केवढं ऐसपैस! इतकी देखणी सिंकं लोक पावसात का ठेवतात?

१२ मार्च
जुन्या सामानाच्या आवारात सापडलं! चोवीस इंच. कडेला एक टवका. आईच्या सिंकलाही तिथेच होता. असावा. डोळे पाणावले. आवारवाला म्हणाला, आजोबा, परत घेत नाही हं आम्ही. म्हटलं, परत देतोय कोण! उचलायला तीन माणसं लागली.
विनी बराच वेळ सिंककडे बघत राहिली, मग माझ्याकडे. दुपारी बाजारातून पुदिन्याची तीन रोपं घेऊन आली. सिंकचं एवढं चाललंय आणि हिला पुदिना सुचतो.

१९ मार्च
क्लाइव्ह प्लंबर बघून गेला. माझाच विद्यार्थी. नदीची कविता त्याला तिसऱ्या कडव्यापुढे कधी आली नाही. विचारत होता, सर, हे दार आत उघडतं ना? मी म्हटलं, क्लाइव्ह, पन्नाशी आली तरी तुझं लक्ष विषयावर नाही ते नाहीच. म्हणाला, बरं सर, तुम्ही म्हणाल तसं.

२६ मार्च
सिंकवर सुनीत लिहिणार. पहिली ओळ जमली. उरलेल्या तेरा सिंक बसल्यावर.

२ एप्रिल, सकाळी १०
आज! क्लाइव्ह आणि त्याचा भाऊ सिंक घेऊन आत गेले. जागेवर सरकवायला दार लावून घ्यावं लागलं.

१०.४०
तंतोतंत बसलं! दोन इंच शिल्लक. विनीला हाक मारली.

११.१५
दार नऊ इंच उघडतं आणि सिंकला टेकतं. दोघे भाऊ आत. क्लाइव्ह आतून म्हणाला, सर, मी विचारलं होतं. स्वर जरा उद्धट वाटला. विनीने फटीतून दोन कप चहा आणि दोन गोड पाव आत सरकवले. खाऊन झाल्यावर त्यांनी सिंक मागे ओढलं आणि सुटले.
दार बाहेर उघडेल असं करावं, तर बाहेर स्वयंपाकघरातली शेगडी आड येते. मी सुचवलं, दारच काढून टाकू. विनी म्हणाली, चालेल, मग ओला टॉफी सोफ्यावर चढला की सोफा तू पुसायचास. दार राहणार.

५ एप्रिल, ईस्टर
विनीने भिंतीवर लावायचं छोटं सिंक मागवून ठेवलं होतं. कधी, विचारलं. बारा मार्चला, म्हणाली. पुदिना आणला त्याच दिवशी. क्लाइव्हने काल पाऊण तासात बसवलं. टॉफी त्यात बरोबर मावतो. विनी ताठ उभी राहून त्याला साबण लावतेय, गुणगुणतेय. म्हणजे माझा शब्द पाळला गेला.
चोवीस इंचांचं अंगणात. पुदिना मी स्वतः लावला, टवक्याच्या बाजूला. सुनीत आता पुदिन्यावर होईल. पहिली ओळ तेवढी बदलावी लागेल.
हेबलथ्वेट कुंपणापलीकडून बघत होता. विचारलंन, किती इंच? म्हटलं, चोवीस.
त्याने आपल्या सिंकमधल्या जिरॅनियमकडे पाहिलं. म्हणाला, माझं तीस.