मावशींचा बोका

आई,

मी कामावर पळतेय, म्हणून लिहून ठेवते. फ्रीजवर मलमाच्या दोन ट्यूब आहेत. एक तुमची. हातावरच्या नायट्याला सकाळ-संध्याकाळ लावा आणि खाज थांबली म्हणून लगेच बंद करू नका. टॉवेल मी गरम पाण्यात भिजवलेत. आता प्रत्येकाने आपापलाच वापरायचा.

तुमच्या लेकाला तेवढं सांगा की मी चुकले. आठवडाभर मी त्याच्या जिमच्या नावाने खडे फोडले आणि तुम्हीही शेजारी बसून मान डोलावलीत. काल आमच्या लॅबचा रिपोर्ट आला. घरभर पसरलेली ही बुरशी जिमची नाही, मांजराच्या अंगावरची आहे.

नायटा कुणाकडून कुणाकडे गेला हे शोधणं माझं रोजचं काम आहे, आई. आपल्या घरात पहिला चट्टा तुम्हाला उठला, तोही कोपराच्या आत, कुशीत घेतलेलं जनावर जिथे डोकं टेकवतं तिथे. आपल्याकडे मांजर नाही. नात्यात एकच बोका आहे, मावशींचा. आणि बहिणीच्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असं तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दुपारी पाय मोकळे करायला कुठे जाता, ते आता कळलं.

मी कुणाला काही बोलणार नाही. दुसरी ट्यूब मावशींना द्या. बोक्याला आजच डॉक्टरकडे न्यायला सांगा.

भांडण चालूच ठेवायचं असेल तर मावशींना रात्री जेवायला बोलवा आणि इथे बसून निवांत भांडा. बोका मात्र घरी ठेवून या म्हणावं.