तारेनं कापलेली लिंबाची साल

रविवार, दिवेलागण

रुतलेली जीप ओढून काढायला जीपच्या तोंडाला विंच, म्हणजे दोर नायतर तार गुंडाळून ओढणारी चरखी, बसवली खरी, पण डोकं ठिकाणावर न्हाय. उमरग्याचे चाँदभाई मेस्त्री म्हणत होते, "भैय्या, दोरवाली घे. तारेचीच पायजे असंल तर झाडाला आधी रुंद पट्टा गुंडाळ, मग हूक लाव." मी भडकलो. मला काय कळत न्हाय का? तारेचीच आणली, पट्टा न घेता.

आज विंच तपासायला आमच्या काळ्या रानात जीप मुद्दाम रुतवली आणि तार थेट बांधावरच्या कडुलिंबाला गुंडाळली. जीप निघाली, पण तारेनं साल कापली, पार आतल्या पांढऱ्या लाकडापर्यंत. आणि लिंब कुणाचा? सारिकाच्या वडिलांचा, शेजारच्या काकांचा. ज्यांच्याकडं तिच्यामाझ्या लग्नाचा विषय कसा काढावा म्हणून महिनाभर मी...

काका आले. शिव्या दिल्या असत्या तर मीपण बोललो असतो. त्यांनी नुसती साल चाचपली. "बैलाच्या मानंला जू काचलं की आमी चिंधी घालतो. तुला चिंधीबी मिळाली न्हाय व्हय?" जाताना म्हणाले, "उद्या शेणमाती आण, लेप तूच लाव. अन् कॉलेज का सोडलंस तेबी सांग. सारिका घरात सारखी तेच बोलती."

म्हणजे काय? तक्रार करती का काळजी? घरात माझं नाव निघतं, हे चांगलं का वाईट?

ती साल डोळ्यांपुढनं हलत न्हाय. शेणमाती कालवता येईल. पण सरांशी भांडून कॉलेज सोडलं, हे काकांना कोणत्या तोंडानं सांगू? खोटं बोललो तर सारिकाला कळंल. खरंच सांगावं लागंल, लेप लावता लावता, त्यांच्याकडं न बघता.