मायचा पाय, माझा हात

२ एप्रिल २०१३

आज एकोणतीस माना बसवल्या! छावणीत टेबल टाकल्यापासून एवढी गर्दी कधीच नव्हती. चेअरमन सुंदरराव स्वतः खुर्ची टाकून बसले होते. सोसायटीच्या दुष्काळी छावणीत जनावरांना चारा, जनावरांना पाणी आणि माणसांना "आपले मणक्याचे डॉक्टर" — माइकवर असंच ओरडतात. मी डॉक्टर नाही. पुण्यात मणक्याच्या एका दवाखान्यात तीन वर्षं हाताखाली होतो आणि कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातानं झटका देऊन मणका बसवायचा, सहा रविवारांचा कोर्स केला. एवढंच. पण कुणी डॉक्टर म्हटलं की मी गप्प बसतो. गोड लागतं ना!

बायांच्याच माना जास्त. टँकरवरून डोक्यावर दोन-दोन हंडे, मग चाऱ्याचे भारे. कवटी पहिल्या मणक्यावर बसलेली असते, तो केसभर सरकला तरी सगळं अंग वाकडं होतं, असं मी सांगतो. पालथं झोपवतो, टाचा जुळवतो. एक पाय आखूड दिसला की म्हणायचं, बघा, वर मणका सरकलाय. मग उताणं करून कानामागं बोट, हनुवटीला हात, आणि — टक्क! आवाज आला की लोक खूश. मोबाइलवर शूटिंग काढतात.

खरं लिहायचं तर निम्म्या लोकांच्या टाचा मला सारख्याच दिसतात.

३ एप्रिल

सकाळी सकाळी मायशी भांडलो. उठून बघतो तर पाटलांचे अर्जुनराव आमच्या अंगणात पालथे! माय म्हणजे गावची पायाळू. पायाकडून जन्मलेली. उसण भरली, चमक निघाली, मान धरली की लोक तिच्या दारात येतात, ती अनशापोटी तीन वेळा पाय लावते. दिवसा आमच्या वस्तीत पाणी न पिणारेसुद्धा पहाटे येऊन तिच्या पायाखाली झोपतात. आम्ही बौद्ध. घरात अंगारा नाही, धुपारा नाही. फक्त हे एक.

म्हटलं, "माय, बंद कर आता. लोक मला हसतात. पोरगा मणक्याचा डॉक्टर आणि माय पाय लावती!"

"मी कुटं दाबते रं? नुसता टेकवते. बरं वाटतं म्हनतेत. आन् ज्याचं लई असतं त्याला लावून देते बीडला."

"तुला काय कळतं लई का कमी?"

"इचारते की. चक्कर येती का, मुंग्या येतेत का. तू न्हाई इचारत?"

मी सायकल काढली.

५ एप्रिल

लिहवत नाही.

६ एप्रिल

काल काय झालं ते लिहितो. कुठंतरी खरं लिहिलेलं असू दे.

भामाबाई. ज्ञानोबाची बायको, तीन म्हशी घेऊन महिनाभर छावणीत राहतेय. मंगळवारी तिच्या डोक्यावरचा भारा कलला आणि मान हिसकली. तेव्हापासून मानेत मागं कळ. काल पहाटे मायकडं गेलती, तिथून माझ्याकडं आली. टेबलावर बसली आणि हळूच, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली — "मनकर्णाबाईनं पाय न्हाई लावला. म्हनल्या, पोराकडं जा, पर त्याला म्हनावं आधी फोटू काढ. तवर मानेला हात लावू नको. मला दोन-दोन दिसायलंय, डॉक्टर. हाताला मुंग्या हायत."

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ही मनकर्णाकडून आलीया! डॉक्टर, मायचा पाय मोठा का तुमचा हात?"

झालं! लोक हसले. सुंदररावही हसले. माझं डोकं सणकलं.

कोर्सच्या पहिल्याच रविवारी शिकवलं होतं. मानेला हात लावायच्या आधी विचारायचं: चक्कर? दोन-दोन दिसतं? मुंग्या? जीभ जड? यातलं एक जरी असलं तरी हात मागं घ्यायचा. मला तर विचारायचीही गरज नव्हती, तिनं आपणहून सांगितलं होतं! तरी मी म्हणालो, "फोटोबिटो कशाला मावशी, आत्ता मोकळी करून देतो." तिनं माझं मनगट धरलं होतं. मी ते सोडवलं. आधी कधी दिला नव्हता एवढा झटका दिला.

टक्क. टाळ्या.

दहा मिनिटांनी म्हशींच्या हौदापाशी ती झोकांड्या खात पडली. उलटी झाली. तोंड एका बाजूला ओढलं. लोक म्हणाले, "ऊन लागलं, ऊन लागलं." सुंदररावांनी जीप काढली, ज्ञानोबानं तिला उचलून आत ठेवलं आणि बीडला नेलं. मला एकजण म्हणाला, डॉक्टर चला संगं. मी म्हणालो, इथं पेशंट आहेत.

असं म्हणालो मी! पेशंट आहेत!

घरी मायनं एकच विचारलं, "भामीला हात लावलास?"

"नाही."

माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग पायात चपला घातल्या आणि तशीच बाहेर पडली. सिंधुमावशीकडं, तिच्या जुन्या मैत्रिणीकडं, गेली असेल. आज दुपारी आली. आल्या आल्या चुलीला लागली.

७ एप्रिल

टेबल लावलं. तेरा माना. हात नुसते ठेवले, आवाज काढला नाही. लोक म्हणाले, आज मजा न्हाई डॉक्टर.

९ एप्रिल

भामाबाई जिवंत आहे! उजवा हात हलत नाही, गिळता येत नाही, बोलता येत नाही. पण जिवंत आहे. हे ऐकून मला आधी काय वाटलं ते लिहायलाच पाहिजे. बोलता येत नाही हे ऐकून बरं वाटलं. थू माझ्यावर.

१० एप्रिल

गावात निराळंच सुरू झालंय. म्हणे ऊन नव्हतं, मानेतली शीर फाटली, बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि म्हणे मनकर्णानं मानेवर पाय दिला त्यानं फाटली. पन्नास माणसांनी मला झटका देताना बघितलंय! शूटिंग आहे! पण ते म्हणतात, डॉक्टरांचं शास्त्राचं असतं, त्यानं कसं होईल?

ज्ञानोबा म्हशी बघायला आलता. आमच्या दारात उभा राहून ओरडला, "आमच्या बाईच्या मानेवर पाय दिती? कुनाच्या मानेवर पाय दितो ते बघावं मानसानं!" इतकी वर्षं त्याच पायाखाली झोपत होता तो. उसण भरली की दर वेळेस.

माय म्हणाली, "दिला. चुकलं माझं."

मी घरात होतो. कवाडाच्या मागं.

ज्ञानोबा गेल्यावर मी म्हणालो, "कावून खोटं बोललीस?"

"तूबी बोललास की," म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

११ एप्रिल

टँकरवर मायचा हंडा रांगेतून उचलून बाजूला ठेवला. कुणी ठेवला कुणी सांगेना. रिकामा हंडा घेऊन आली. मी छावणीतून कॅनभर पाणी आणलं. डॉक्टर म्हणून मिळालं!

१३ एप्रिल

सुंदररावांनी ऑफिसात बोलावलं. पंखा, चहा, बिस्किट. कागद आधीच टाइप केलेला. पोलिसांत द्यायचा अर्ज — मनकर्णाबाईनं अंधश्रद्धेतून मानेवर पाय दिल्यामुळं पहिला मणका सरकला व इजा झाली. खाली जागा माझ्या सहीसाठी. "तज्ज्ञ म्हणून सही करा."

म्हटलं, "साहेब, ती माय हाय माझी."

"म्हणून तर सही भारी ठरंल! म्हातारीला काय व्हतंय? चार तास बसवतील, सोडतील. तुमचं नाव आलं तर छावणी बंद. आठशे जनावरं दावणीला हायत, ती काय तुमच्या घरी बांधू?"

आठशे जनावरं. मीही मनाला तेच सांगितलं. जनावरांसाठी करतोय म्हणून.

सही केली. सही करताना हात अजिबात थरथरला नाही. टेबलावर थरथरला असता तर भामाबाई आज धड असती.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत निळे झेंडे, गुलाल, पोरांचा नाच. माय दरवर्षी पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं असते. आज आतच बसून राहिली. "पाय दुखतेत," म्हणाली. मी मिरवणुकीतून अर्ध्यातच माघारी आलो.

१६ एप्रिल

बीडला गेलो. दोन वेळा दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरलो, समोरच्या हॉटेलात दोन चहा झाले. तिसऱ्यांदा आत गेलो. डॉक्टरीणबाई तरुणच आहेत. म्हटलं, "भामाबाईच्या मानेला झटका मी दिला. तिनं सगळं सांगितलं होतं, तरी दिला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "झटका बसलाय हे पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पाण्याच्या रिकाम्या टँकरमधून एक बाई आल्या होत्या. आम्ही ऊन लागलं समजून सलाईन लावून बसलो होतो. त्या दारातूनच ओरडल्या, ऊन न्हाई, हिची मान कुणीतरी पिळलीया, आधी मानेचा फोटो काढा. म्हणून मानेचा स्कॅन केला आणि फाटलेली शीर सापडली. आणखी एक रात्र तशीच गेली असती तर बाई हाती लागली नसती."

"कुणी पिळली म्हणाली?"

"मी पिळली म्हणाल्या, पायानं." मग म्हणाल्या, "पायानं मान अशी पिळली जात नाही. मी पुढं विचारलं नाही. हातांकडं बघितलं फक्त. भाकरी थापणारे हात होते."

मी खोटं बोलल्यावर ती सिंधुमावशीकडं गेली नव्हती. टँकरमध्ये बसून बीडला गेलती. माझं "नाही" तिनं घराचा उंबरा ओलांडेपर्यंतसुद्धा खरं धरलं नाही.

भामाबाईला दाराच्या काचेतून बघितलं. नळी नाकात. तिनं मला बघितलं आणि डावा हात स्वतःच्या मानेवर ठेवला. झाकून घेतली मान.

१७ एप्रिल

सांगितलं.

छावणीच्या माइकवर. पाण्याची वेळ, सगळे जमलेले. "पाय लावलाच नव्हता. मायनं हात लावू नको म्हणून सांगून पाठवलं होतं. मान मी मोडली. मी डॉक्टर नाही." एवढंच ठरवून गेलतो, एवढंच बोललो. सुंदररावांनी वायर उपटली, तोवर बोलून झालं होतं. म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास की बे!" म्हटलं, तो अर्ज अजून दिला नसेल तर फाडा, मी पोलिसांत माझा जबाब द्यायला निघालोय.

ज्ञानोबा म्हशींपासून चालत आला. मला वाटलं मारतो. मारायला पाहिजे होतं. त्यानं डोक्याचं फडकं काढलं, तोंड पुसलं, म्हणाला, "त्या माउलीला मी काय काय बोललो रं." मग खाली बसला आणि रडला. मला एक शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

पोलिसांनी जबाब लिहून घेतला. उद्या परत बोलावलंय. दोन कपडे पिशवीत भरून ठेवलेत.

१८ एप्रिल

निघताना सिंधुमावशी आली. माझ्या जन्माच्या वेळी बाळंतपण तिनंच केलं होतं. माय तिच्यावर ओरडत होती, बोलू नको, बोलू नको. ती थांबली नाही.

"आरं ती कशाची पायाळू! तू पायाळू हाईस. पाय आधी आलते तुझे. 'पायाळू हाय' म्हनून मी वरडले ते भाईर गेलं. तवा पायाळू लेकरं गुप्तधनासाठी बळी द्यायला उचलून न्हेत व्हते. मनकर्णा म्हनली, माझंच नाव सांग, मीच पायाळू हाय म्हन. दुसऱ्याच दिशी उसण भरलेला एकजन दारात. ओल्या बाळंतिनीनं उठून पाय लावला त्याला."

माय चुलीपुढं पाठ करून बसली होती. मी वाकून तिचे पाय धरले.

"सोड," म्हणाली, "भाकर करपंल. खाऊन जा."